मर्सिडीज डब्ल्यू १२६ एस-क्लास : जतन, दुरुस्ती आणि देखभाल – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथले प्रश्न सुस्थितीत राहिलेल्या, फारसा हात न लागलेल्या गाड्यांच्या मालकांकडून पुन्हा पुन्हा येतात. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एकच मुद्दा दोन ठिकाणी येत असेल तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. डब्ल्यू १२६ मध्ये नेमक्या कोणत्या गाड्या येतात? पहिली आणि दुसरी मालिका कशी ओळखायची?

ही एस-क्लास सप्टेंबर १९७९ मध्ये फ्रँकफर्टच्या मोटार प्रदर्शनात आली. एसई म्हणजे नेहमीच्या लांबीची, एसईएल म्हणजे मागे पाय ठेवायला जास्त जागा असलेली, आणि १९८१ पासून आलेली दोन दारांची एसईसी. १९८५ मध्ये मोठा बदल झाला. दारांखालच्या प्लास्टिक पट्ट्यांवर आडव्या रेघा असतील तर गाडी पहिल्या मालिकेतली, पट्ट्या गुळगुळीत असतील तर दुसऱ्या. चाकंही १४ इंचांवरून १५ इंचांवर गेली. पेट्रोलमध्ये सहा सिलिंडरचं इंजिन पहिल्या मालिकेत एम ११०, दुसऱ्या मालिकेत एम १०३. व्ही-८ दोन्हीकडे एम ११६ आणि एम ११७. पार्ट मागवताना मॉडेलच्या नावापेक्षा चासी नंबर आणि इंजिन नंबर द्या.

२. गाडी चांगली आहे, फक्त थोडी थकलेली दिसते. पूर्ण रिस्टोरेशन करून टाकू का?

नको. कारखान्यातला रंग, मूळ चामडं, मूळ शिवण एकदाच मिळते. पत्रा कुजलेल्या गाडीला पूर्ण रिस्टोरेशनशिवाय इलाज नसतो. चांगल्या गाडीत मात्र त्याच कामामुळे जपण्यासारखं जे होतं तेच निघून जातं.

कामाचा क्रम असा ठेवा. ज्याने अपघात किंवा आग होऊ शकते ते आधी: इंधनाच्या रबरी नळ्या, ब्रेक, टायर. मग ज्याने इंजिन जाऊ शकतं ते: कूलिंग, टायमिंग चेन (क्रँकवरून कॅमशाफ्ट फिरवणारी साखळी). त्यानंतर बुश, माउंट (सस्पेन्शनचे आणि इंजिन धरणारे रबरी भाग), व्हॅक्युमच्या नळ्या. रंग, लाकूड आणि चामडं सर्वांत शेवटी, आणि तेही शक्यतो स्वच्छतेपुरतं. अनेक जण नेमका उलटा क्रम लावतात, कारण रंग दिसतो आणि चेन गाइड (चेनला वाटेत धरून ठेवणारा प्लास्टिकचा भाग) दिसत नाही.

३. गाडी खरंच मूळ स्थितीतली आहे हे कसं तपासायचं?

बॉनेट उघडल्यावर समोरच्या आडव्या पट्टीवर एक पाटी असते. तिच्यावर रंगाचा आणि कारखान्यातून बसवलेल्या जादा सुविधांचा कोड असतो. चासी नंबरवरून गाडीचं डेटा कार्ड, म्हणजे कारखान्याची मूळ नोंद, मिळतं. ते आणि पाटी ताडून पाहा, मग आतल्या कापडाचा वा चामड्याचा रंग, सनरूफ, मागची सेल्फ-लेव्हलिंग यंत्रणा (वजन वाढलं तरी मागची उंची सारखी ठेवणारी) त्याच्याशी जुळते का बघा.

रंगाची जाडी मोजायचं मीटर वापरा. १०० ते १५० मायक्रॉन हा साधारण कारखान्यातल्या रंगाचा आकडा. २०० च्या वर गेला तर त्या भागाला पुन्हा रंग मिळालेला आहे. ५०० च्या पुढे गेला तर बहुधा खाली पुट्टी आहे. एकाच पॅनेलवर पाच-सहा ठिकाणी मोजा, विशेषतः मागच्या चाकाच्या कमानीवर.

किलोमीटरच्या आकड्यावर विसंबू नका. ओडोमीटरमधलं दातेरी चक्र आपल्या दांड्यावर सैल होतं आणि आकडा थांबतो, स्पीडोमीटरचा काटा मात्र चालूच राहतो. त्यामुळे कोणी लबाडी केली नसतानाही आकडा खोटा असू शकतो. ब्रेक पेडलचं रबर, ड्रायव्हर सीटची बाहेरची कड आणि सर्व्हिस पुस्तिका यांवरून खरा अंदाज बांधा.

४. गाडी बरीच वर्षं उभी आहे. बॅटरी लावून चालू करून बघू का?

लगेच नाही. जुनं पेट्रोल डिंकासारखं चिकट होतं, आणि केई-जेट्रॉनिक या पेट्रोल इंजेक्शन यंत्रणेच्या फ्यूएल डिस्ट्रिब्यूटरमधला (सिलिंडरांना इंधन वाटून देणारा भाग) प्लंजर त्यात एकदा अडकला की नवीन डिस्ट्रिब्यूटर शोधत बसावं लागतं. क्रम असा:

१) टाकी रिकामी करा. टाकीच्या तळाची जाळी काढून बघा. तपकिरी थर असेल तर टाकी उतरवून धुवा. ही टाकी ९० लिटरची आहे, वरवर पेट्रोल घालून घाण पातळ होत नाही.
२) टाकी ते पंप आणि पंप ते फिल्टर अशा सगळ्या रबरी नळ्या आणि फिल्टर बदला. इथेनॉलमिश्रित पेट्रोल चालेल अशीच नळी घ्या.
३) इंजिन ऑइल आणि फिल्टर बदला (प्र. ५).
४) प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर पातळ ऑइल सोडा. एक दिवस थांबा. मग क्रँकच्या बोल्टला २७ चा सॉकेट लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा, फक्त चालण्याच्या दिशेने. अडलं तर जोर लावू नका.
५) प्लग बाहेरच ठेवून, इग्निशन तोडून, ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत स्टार्टर थोडा थोडा मारा.
६) फ्यूएल पंपाचा रिले काढून पंप थेट चालवा आणि प्रत्येक सांधा हाताने चाचपून गळती तपासा. हे झाल्यावरच प्लग लावून इंजिन चालू करा.

इंजिन चालू झालं तरी ब्रेकची तपासणी होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढायची नाही (प्र. १२).

५. इंजिन ऑइल कोणतं आणि किती? प्रेशरचा काटा खाली येतो, घाबरायचं का?

व्ही-८ ला फिल्टरसह सुमारे ८ लिटर, एम १०३ ला सुमारे ६ लिटर. उष्ण हवेत १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५०, कडक थंडीत १०डब्ल्यू-४०. गाडी कमी चालली तरी वर्षातून एकदा बदलाच, कारण ऑइलमध्ये साचणारं पाणी आणि आम्ल किलोमीटर मोजत नाही. व्ही-८ चा फिल्टर डब्यात बसणारा कागदी असतो. झाकणाची रबरी रिंग दर वेळी नवी टाका.

प्रेशरचा काटा ० ते ३ बार दाखवतो. गरम इंजिन आयडलला असताना तो ०.३ बारपर्यंत खाली आलेला चालतो. ॲक्सिलरेटर दिल्यावर लगेच ३ ला टेकला पाहिजे. टेकायला वेळ लागत असेल तर मात्र कारण शोधा.

६. व्ही-८ इंजिनच्या टायमिंग चेनबद्दल एवढी भीती का?

भीती योग्य आहे. दोष मात्र चेनपेक्षा तिच्या प्लास्टिक गाइडचा जास्त असतो. उष्णतेने आणि वर्षांनी हे गाइड काचेसारखे ठिसूळ होतात. एखादा तुकडा तुटून चेन आणि स्प्रॉकेटच्या मध्ये अडकला की चेन दात सोडते, पिस्टन व्हॉल्व्हला भिडतो आणि एका क्षणात इंजिनचं डोकं जातं. धोका वयाचा आहे, त्यामुळे कमी चाललेली गाडी सुरक्षित असं समजू नका. गाइड बदलल्याची नोंद नसेल तर बदलले नाहीत असं धरून चाला.

व्हॉल्व्ह कव्हर काढून वरचे गाइड बघा. फिकट रंगाचं प्लास्टिक गडद तपकिरी झालेलं असेल तर ते गेलेलं आहे. चेनचा ताण मोजायला इंजिन हाताने फिरवून कॅमशाफ्टच्या वॉशरवरची खाच टॉवरच्या खुणेशी जुळवा आणि मग क्रँक पुलीवर किती अंश दिसतात ते वाचा. ५ अंशांपर्यंत ठीक. १० च्या आसपास असेल तर चेन बदला. मधल्या स्थितीत कॅमशाफ्टच्या स्प्रॉकेटला ऑफसेट चावी (किंचित सरकवलेली खुंटी) घालून टायमिंग सुधारता येतं, पण एवढं उघडल्यावर चेन तशीच ठेवण्यात अर्थ नाही.

नवी चेन जुन्या चेनला जोडून आत ओढून घेतात, इंजिन उतरवावं लागत नाही. या कामात दोन्ही बाजूंच्या स्प्रॉकेटवर चेन क्षणभरही सैल सोडायची नाही, म्हणून दोन माणसं हवीत. गाइडच्या पिनांना आतून एम ६ आटे असतात, त्या स्लाइड हॅमरने बाहेर येतात. चेनबरोबर टेन्शनरही नवा घ्या.

कव्हर उघडं असतानाच कॅमशाफ्टवर ऑइल टाकणाऱ्या नळीचे प्लास्टिक सांधे बदला. ते तडकले की ऑइल कॅमवर पडण्याआधीच गळून जातं आणि कॅम झिजतो. किरकोळ किमतीची वस्तू आहे, दोन्ही बाजूंचे सगळे एकदम बदला.

अपवाद: सुरुवातीच्या काही ३.८ लिटर इंजिनांत, मुख्यतः अमेरिकी बाजारातल्या, एकपदरी चेन होती. ती नुसती नवी टाकून भागत नाही, स्प्रॉकेटसह दुपदरी करून घ्यावी लागते. ऑइल टाकायच्या झाकणातून टॉर्च मारली तर एक पदर आहे की दोन ते दिसतं.

७. सहा सिलिंडरच्या इंजिनात काय बिघडतं?

एम १०३ मध्ये सकाळी चालू करताना निळसर धूर आला तर बहुतेक वेळा व्हॉल्व्ह स्टेम सील कडक झालेले असतात. हेड न उतरवता ते बदलता येतात. पुढच्या वरच्या टायमिंग कव्हरमधून आणि हेड गॅस्केटच्या मागच्या कोपऱ्यातून ऑइल पाझरतं. पहिली गळती सोपी आहे. दुसरी थेंबभर असेल तर ऑइलची पातळी बघत राहा. एम ११० ला हायड्रॉलिक टॅपेट नाहीत, त्यामुळे थंड इंजिनवर इनटेक ०.१० आणि एक्झॉस्ट ०.२५ मिलिमीटर अंतर ठेवावं लागतं.

८. थंड इंजिन एका सेल्फमध्ये चालू होतं, पण गरम गाडी बंद करून वीस मिनिटांनी सेल्फ मारला की फिरत राहतं. का?

इंधनाचा दाब टिकत नाही. बंद केल्यावर गरम इंजिनमध्ये पेट्रोलची वाफ होऊ नये म्हणून इंधनाचा ॲक्युम्युलेटर दाब धरून ठेवतो. त्यातला पडदा फाटला किंवा पंपाचा चेक व्हॉल्व्ह गळायला लागला की हे लक्षण दिसतं. फ्यूएल डिस्ट्रिब्यूटरवर गेज लावा. इंजिन बंद करून अर्ध्या तासाने निदान २.५ बार शिल्लक राहायला हवेत. चालू असताना एम १०३ वर सुमारे ५.३ ते ५.५ बार दिसले पाहिजेत. इंजेक्टर टपकत असतील तरी हेच होतं. इंजेक्टर बाहेर काढून दाबाखाली धरले की थेंब दिसतो.

९. आयडल वर-खाली होतं आणि एबीएसचा दिवाही लागतो. दोन वेगळे बिघाड आहेत का?

बहुधा एकच: ओव्हरव्होल्टेज रिले. केई-जेट्रॉनिकचा कंट्रोलर आणि एबीएस या दोघांना वीज याच रिलेतून जाते. डोक्यावर लाल फ्यूज असलेला हा रिले आतल्या डाकाला तडे गेल्याने रुसतो, थंडीत जास्त. आधी फ्यूज बघा, मग रिले. जुना उघडून पुन्हा डाक दिला तर काही काळ चालतो, पण लांबच्या प्रवासासाठी नवाच हवा.

एबीएसचा दिवा नसेल आणि नुसतं आयडल बिघडत असेल तर इंजेक्टरच्या रबरी रिंगा आणि एअर मीटरखालचा मोठा रबरी बूट तपासा. बूटाला खालच्या बाजूने भेग पडते, वरून तो ठणठणीत दिसतो. मिश्रणाच्या स्क्रूला हात लावायचा तो हवेची गळती संपल्यावरच. आधी फिरवला तर एका दोषावर दुसरा चढतो आणि मूळ कारण सापडेनासं होतं.

१०. महागडे इरिडियम प्लग टाकले तर पिकअप सुधारेल का?

नाही. एम १०३ आणि त्या काळातल्या व्ही-८ ला रेझिस्टर नसलेले, साधे तांब्याच्या गाभ्याचे प्लग अपेक्षित आहेत. रोध वायरच्या टोप्यांमध्येच असतो. रेझिस्टरचे प्लग टाकले की तो दुप्पट होतो आणि ठिणगी कमजोर पडते.

११. ट्रॅफिकमध्ये तापमान १०० च्या वर जातं. रेडिएटर बदलू का?

आधी पंख्याचा व्हिस्कस क्लच बघा. गरम इंजिन बंद केल्यावर पंखा हाताने सहज गरगर फिरत असेल तर क्लच गेला. मग थर्मोस्टॅट, मग रेडिएटरचं झाकण. रेडिएटरचा नंबर त्यानंतर येतो. प्लास्टिकच्या टाक्या असलेल्या रेडिएटरचा वरच्या होजचा तोटा जुना झाल्यावर कधीही मोडू शकतो, म्हणून मूळ रेडिएटर अजून असेल तर तो तोटा नीट पाहा.

कूलंट ग्लायकॉल आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं, तीन वर्षांनी नवं. रिकामं करताना इंजिन ब्लॉकचे बोल्टही उघडा. नुसता रेडिएटर सोडला तर जवळजवळ निम्मं जुनं कूलंट आतच राहतं. नुसतं पाणी घालून चालवलेल्या गाडीत ॲल्युमिनियमची हेड आतून खाल्ली जातात.

१२. उभ्या गाडीचे ब्रेक कसे जागे करायचे?

डॉट ४ फ्लुइड वर्षाआड बदलायचं. रबरी होज बाहेरून ठीक दिसतात, पण आतून सुजून बंद होतात. पेडल सोडल्यावरही चाक जड फिरत असेल तर कॅलिपरच्या आधी होज संशयित. हवा काढताना पेडल जमिनीपर्यंत दाबू नका. मास्टर सिलिंडरचा तो भाग एरवी वापरात नसतो, तिथे गंज असतो आणि सीलची कड त्यावर फाटते. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा किंवा दाबाचं यंत्र वापरा.

१३. ऑटोमॅटिक गिअर झटका देत बदलतात. गिअरबॉक्स उघडावा लागेल?

बहुतेक वेळा नाही. हा चार गिअरचा बॉक्स इंजिनच्या व्हॅक्युमवरून भार ओळखतो. नळी सुटली किंवा तडकली की त्याला वाटतं गाडी पूर्ण जोरात आहे, मग तो झटका देतो. म्हणून आधी नळ्या, रबरी सांधे आणि मॉड्युलेटर (गिअरबॉक्सवरचा व्हॅक्युम ओळखणारा भाग) तपासा. मॉड्युलेटरचा पडदा फाटला तर इंजिन गिअर ऑइल ओढतं आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो. व्हॅक्युम ठीक असेल तर ॲक्सिलरेटरकडून येणारी केबल बघा, ती ढील जेमतेम निघेल इतकीच ताणलेली हवी.

ऑइलची पातळी बॉक्स पूर्ण गरम असताना, इंजिन चालू ठेवून, पी मध्ये बघायची. दोन खुणांमधलं अंतर फक्त ०.३ लिटरचं आहे. जास्त भरलं तर फेस होतो, म्हणून थोडं थोडं घाला. दर ५०–६० हजार किलोमीटरला फिल्टरसह बदला आणि टॉर्क कन्व्हर्टरला ड्रेन बोल्ट असेल तर तोही उघडा. साध्या रस्त्यावर गाडी दुसऱ्या गिअरने निघते, तो दोष नाही.

१४. मागची बाजू दगडासारखी कडक झाली आहे. साधे शॉकॲब्सॉर्बर टाकू?

सेल्फ-लेव्हलिंग असलेल्या गाडीत मागे नायट्रोजन भरलेले दोन गोल ॲक्युम्युलेटर असतात. त्यांतला वायू संपला की मागची बाजू दबतच नाही आणि खड्ड्यावर उसळते. दोन्ही एकदम बदला, टाकीतला फिल्टरही नवा घाला आणि ठरलेलं हायड्रॉलिक ऑइलच भरा. साधे शॉक टाकायचे तर स्प्रिंगही बदलाव्या लागतात, कारण या गाड्यांच्या स्प्रिंग वेगळ्या असतात. तेवढ्या कामात मूळ यंत्रणा नीट होते.

१५. टायर आणि चाकांच्या बाबतीत काही खास?

टायरचं वय बाजूवरच्या चार आकडी कोडवरून कळतं: पहिले दोन आकडे आठवडा, नंतरचे दोन वर्ष. नक्षी कितीही शिल्लक असो, दहा वर्षांपुढचा टायर या वजनाच्या गाडीला नको. चाकाचे बोल्ट ११० न्यूटन-मीटरला आवळा.

इथे एक खोच आहे. अलॉय चाकांचे बोल्ट लांब असतात, पोलादी चाकाचे आखूड. स्टेपनी पोलादी असेल आणि ती लांब बोल्टांनी मागे लावली तर बोल्टांची टोकं आत हँडब्रेकच्या भागांना घासतात. म्हणून स्टेपनीचे आखूड बोल्ट गाडीच्या टूलकिटमध्ये आहेत का ते आजच बघा.

१६. गंज कुठे लपतो?

मागच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यांत, जॅक लावायच्या जागांवर, पुढच्या मडगार्डच्या हेडलाइटमागच्या पोकळीत, चाकांच्या कमानींच्या कडेला आणि सनरूफच्या चौकटीत. मागच्या काचेचं रबर आकसलं की पाणी थेट डिकीत उतरतं. डिकीचा गालिचा उचलून स्टेपनीच्या खड्ड्यात हात फिरवा.

दारांखालच्या प्लास्टिक पट्ट्या एकदा तरी काढाव्या लागतात, खरी परिस्थिती त्यांच्या आड असते. क्लिपा हमखास तुटतात, आधी मागवून ठेवा. सनरूफच्या चारही कोपऱ्यांतल्या पाण्याच्या नळ्या लवचीक नायलॉन दोरीने मोकळ्या करा. दाबाची हवा मारू नका, आतला सांधा निसटला तर पाणी छतात जातं. पोकळ्यांत मेण मारण्याआधी धूळ काढा आणि दोन दिवस सुकू द्या. ओलाव्यावर मेण मारलं तर गंज आतच कोंडला जातो. तळाची पाणी जायची भोकं मेणाने बुजली नाहीत हे शेवटी तपासा.

१७. मूळ रंग फिका झाला आहे. मशीन पॉलिश करू का?

आधी न दिसणाऱ्या जागी पांढऱ्या फडक्याने थोडं पॉलिश चोळा. फडक्याला गाडीचा रंग लागला तर वर क्लिअर कोट नाही. असा रंग चांगला उजळतो, पण प्रत्येक वेळी पातळ होतो. मेटॅलिक रंगावर क्लिअर कोट असतो. तो पांढरट होऊन सोलायला लागला असेल तर पॉलिशने काहीही होणार नाही. जाडी मोजून (प्र. ३) कडा आणि उंचवटे टेपने झाका, आणि सर्वांत सौम्य पॉलिशपासून सुरुवात करा. दगडाचे टिपके ब्रशने भरा. मूळ रंगावर चार टिपके राहिले तरी ती गाडी पुन्हा रंगवलेल्या गाडीपेक्षा मोलाची.

१८. लाकडी पट्ट्यांना तडे आणि सीटला खड्डा. दोन्ही नवं करू?

तडे बहुतेक वेळा लाकडाला नसतात, वरच्या लाखेला असतात. लाख घासून नवी चढवता येते. खालचा लाकडाचा पापुद्रा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो, त्यामुळे इलेक्ट्रिक सँडर वापरू नका.

सीटचा खड्डा चामड्याचा नसतो. आतली रबर लावलेल्या तंतूंची गादी भुगा होते किंवा स्प्रिंगची तार तुटते. सीटखाली तपकिरी चुरा दिसला की समजा. गादी आणि स्प्रिंग बदलून मूळ चामडं परत चढवा. चामडं सौम्य साबणाने धुवा, शिवण ओली ठेवू नका. मऊ करायच्या तेलांनी शिवणीचा दोरा कुजतो आणि धूळ चिकटते.

१९. उन्हाळ्यात एसी लावला तरी गरम हवा येते. गॅस संपला का?

संपलाही असेल, पण आधी हीटरचा मोनोव्हॉल्व्ह बघा. हा व्हॉल्व्ह वीज मिळाली की बंद होतो, वीज गेली की उघडा राहतो. आतला रबरी पडदा फाटला किंवा बटणांच्या पॅनेलमधला डाक तडकला की गरम पाणी सतत हीटरमध्ये जातं आणि एसी त्याच्याशी झुंजत राहतो. व्हॉल्व्हचा आतला भाग वेगळा मिळतो, चार स्क्रूंचं काम आहे.

यंत्रणा आर १२ वायूसाठी बनलेली असेल आणि आर १३४ए वर न्यायची असेल तर जुनं ऑइल पूर्ण धुऊन काढा, रिसीव्हर-ड्रायर आणि सगळ्या रिंगा बदला, आणि वायू मूळ वजनाच्या सुमारे ८० ते ८५ टक्केच भरा. पूर्ण भरला तर दाब वाढतो आणि थंडावा उलट कमी होतो.

२०. गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवायची आहे. दर आठवड्याला पाच मिनिटं चालू करणं चांगलं ना?

नाही, त्याने नुकसान होतं. पाच मिनिटांत ऑइल तापत नाही, आणि तयार झालेलं पाणी ऑइलमध्ये व सायलेन्सरमध्ये साचतं. एकतर निदान २५–३० किलोमीटर चालवा, गिअरबॉक्स आणि एसीसुद्धा वापरात येईल अशी, नाहीतर तिला तशीच राहू द्या. उभी करण्याआधी ऑइल बदला, टाकी काठोकाठ भरा, टायरमध्ये अर्धा बार जास्त हवा घाला, बॅटरीला मेंटेनन्स चार्जर लावा आणि हँडब्रेकऐवजी चाकांना अडणी द्या. बॅटरी पूर्ण काढणार असाल तर रेडिओचा कोड हाताशी आहे का ते आधी पाहा. कव्हर श्वास घेणारं हवं, प्लास्टिकचं नको.

२१. मी गाडीत काही आधुनिक बदल केले तर मूळपण गेलं का?

बदल परत फिरवता येतो का, एवढं बघा. नवे टायर, चांगल्या रबराच्या नळ्या, फ्यूएल पंपाचा नवा रिले यांनी काही बिघडत नाही. डॅशबोर्ड कापून मोठा स्क्रीन बसवणं, वायरिंग मध्येच तोडून अलार्म जोडणं, दारांत स्पीकरसाठी भोकं पाडणं यांतून परत येता येत नाही. काढलेला प्रत्येक मूळ भाग, तुटका असला तरी, तारीख आणि किलोमीटर लिहून जपून ठेवा: रेडिओ, चाकांच्या टोप्या, काचा, किल्ल्या, टूलकिट. बाजारात मिळणारी नक्कल बसत नाही तेव्हा माप घ्यायला तोच तुकडा लागतो.